नग क्रमांक दोनशे बारा-अ

जगात दोनच गोष्टी अमर आहेत. एक सत्य, आणि दुसरी जडवस्तू संग्रह नोंदवहीत एकदा चढलेली वस्तू. पैकी सत्याशी माझा फारसा संबंध आलेला नाही. मी तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत होतो. नोंदवहीबद्दल मात्र मी अधिकारानं बोलू शकतो. हा अधिकार मला चिंतन-मननातून मिळाला, असं कुणी समजू नये. तो मला दसऱ्याच्या दिवशी भर सराफ्यात, दागिने घ्यायला आलेल्या बायकांच्या देखत, रंगानं बरबटलेल्या एका पट्टीचं पाकीट सोनारापुढं सरकवताना मिळाला.

अंबडच्या आमच्या वाचनालयाचा मी मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे दोष आपला. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो त्याच आठवड्यात वाचनालयाचे अध्यक्ष अण्णासाहेब घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही रिकामेच." निवृत्त माणसाला हे वाक्य कुणी म्हटलं की त्यानं ताबडतोब काशीला निघून जावं. मी चहा टाकायला सांगितला.

ही गोष्ट दोन हजार एक सालची. आदल्या वर्षी एका दात्यानं वाचनालयाला नवा कोरा संगणक दिला. जुना एक होताच, चार वर्षांपूर्वीचा. पण त्याचा पडदा काळा पडल्यापासून तो कोपऱ्यात भरतकामाच्या रुमालाखाली, घरातल्या आजारी माणसासारखा बसून होता. नव्या संगणकावर आमच्या ग्रंथपाल कांताबाईंनी वाचनालयातली सगळी पुस्तकं चढवली. सहा हजार चारशे बारा पुस्तकं, अकरा महिने, दोन बोटं. तिसरं बोट त्यांनी कधी वापरलं नाही, कारण बाकीच्या बोटांनी त्या पुस्तकं द्यायच्या, घ्यायच्या, नोंदवायच्या आणि पोरांनी लपवलेली मासिकं गाद्यांखालून काढायच्या. नऊ वर्षांत बाईंनी सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. कारण त्यांच्या जागी बसायला दुसरं माणूसच नव्हतं. वाचनालय 'क' वर्गात होतं. 'ब' वर्ग मिळाला तर एक मदतनीस मिळणार होता. आणि 'ब' वर्ग मिळायचा तर सरकारी पाहणीच्या दिवशी यादी संगणकावर चालताना दिसायला हवी होती.

आता अडचण एवढीच की यादी चालत नव्हती. बसली होती. पुस्तकाचं नाव टाकलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं. तेवढ्या वेळात कांताबाई उठून, कपाटातून ते पुस्तक काढून, वाचकाला देऊन, त्याच्या आईची तब्येत विचारून परत जागेवर येऊन बसायच्या. घड्याळ तिथंच असायचं.

सातव्या माळेला पत्र आलं. पाहणी अधिकारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता येत आहेत.

मी एसटीडी बूथवर जाऊन औरंगाबादच्या इंजिनिअरला फोन लावला. यादीचा प्रोग्रॅम त्याचाच.

"काका, मशीनमध्ये मेमरी किती आहे? चौसष्ट ना? कमी पडतेय," तो म्हणाला. "मेमरी म्हणजे टेबल समजा. टेबल लहान असलं की कागद मावत नाहीत, मग मशीन एकेक कागद उचलून खाली ठेवत बसतं. अजून बत्तीस टाका. तुमच्या जुन्या मशीनमध्ये बत्तीसची पट्टी आहे. ती काढायची, नव्यात लावायची. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांची कामं माझ्या आयुष्यात याआधी दोनदा आली होती. पहिल्यात घराची मागची भिंत पडली. दुसऱ्यात मेहुणा पाच वर्षं बोलत नव्हता. हे मला त्या बूथमध्ये आठवायला हवं होतं. पण बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवत होता.

अण्णासाहेबांना कल्पना द्यावी म्हणून त्यांच्या घरी गेलो. अण्णासाहेब चाळीस वर्षं अंबडच्या कोर्टात वकिली करून थकले होते. म्हणजे कोर्ट थकलं होतं, ते नव्हते. त्यांनी नोंदवही मागवली आणि माझ्याच अक्षरातली ओळ मला वाचून दाखवली.

"अनुक्रमांक दोनशे बारा. संगणक संच. नग एक. मास्तर, पट्टी काढल्यावर हा नग एक राहील का?"

"राहील की. तसाही तो चालत नाही."

"चालण्याचा प्रश्न नाही. तुम्हीसुद्धा गुडघ्यामुळं चालत नाही, पण तुम्ही एक नग आहात. पट्टी काढली की जुना झाला पाऊण आणि नवा झाला सव्वा. नोंदवहीत पाऊणला रकाना आहे?"

मी पाहिलं. नव्हता.

"मग नवी पट्टी विकत आणू."

"तीन दरपत्रकं, आठ दिवसांची मुदत, कार्यकारिणीची मंजुरी. दिवाळी उजाडेल."

मागच्या पाहणीत ह्याच अधिकाऱ्यांनी 'झाडूवर अनुक्रमांक आढळून आला नाही' असा शेरा मारला होता, हे आम्ही दोघंही विसरलो नव्हतो. तो शेरा वरच्या कार्यालयात जाऊन खुलासा होऊन परत येईपर्यंत झाडू झिजून गेला होता.

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा कुणाची तरी वाटणी होत असते.

"एकत्र कुटुंबातून भाऊ वेगळा निघतो तसं करायचं," ते म्हणाले. "ठराव करा. दोनशे बारामधून दोनशे बारा-अ हा स्वतंत्र नग निर्माण झाला. मेमरी पट्टी, नग एक. मग तो नग नव्या यंत्राला तात्पुरता, परतीच्या बोलीवर. आणि नग स्वतंत्र झाला म्हणजे त्याच्यावर क्रमांक पाहिजे. रंगानं. ठळक."

आठव्या माळेला तातडीची सभा भरली. गणसंख्या पाच, हजर चार. पाचवा माणूस म्हणून समोरच्या दुकानातून बद्रीनाथला बोलावलं. बद्रीनाथ मोटारींचं वायंडिंग करतो आणि वाचनालयाचा आजीव सभासद आहे. आजीव म्हणजे एकदा वर्गणी भरून जो जन्मभर एकही पुस्तक नेत नाही तो. ठराव मंजूर झाला आणि बद्रीनाथ तिथंच म्हणाला, "मंग आता काढायची कोणी? मीच काढतो. कम्प्युटर मी अजून आतून पाह्यला न्हाई, पर करंट सगळीकडं एकच असतोय."

त्यानं जुन्या संगणकाचं झाकण उघडलं. आमचा शिपाई कारभारी बॅटरी धरून उभा होता. त्यानं आत डोकावून सगळ्यात आधी सांगितलं, "मास्तर, यात बाळंतपण झालंय."

उंदरांनी घर केलं होतं. घरासाठी त्यांनी एक दिवाळी अंक वापरला होता. हाच अंक हरवल्यावरून आम्ही दोन वर्षांपूर्वी एका गरीब शिक्षकाचं सभासदत्व रद्द केलं होतं. अण्णासाहेब म्हणाले, "कागदावर घेऊ नका."

पट्टी निघाली. तिच्याकडं पाहून माझी निराशाच झाली. बोटभर रुंदीची, वीतभरही नाही एवढी लांब. वर काळे ठोकळे, खाली पिवळी चमकती कड. कंगव्याचे दात पाडून टाकावेत तशी. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण पाच माणसांच्या सह्या घेतल्या, याचं मला वाईट वाटलं. मोठ्या गोष्टीसाठी इतक्या झाल्या नव्हत्या. माझ्या लग्नात दोनच साक्षीदार होते.

नव्या संगणकात पट्टी बसवून बटण दाबलं, तर ते यंत्र एकदम कोकलायला लागलं. थांबून थांबून, लांबलचक. बाहेर पेपर वाचत बसलेले दोन वाचक उठून गेले.

"नव्या घरी आली ना," बद्रीनाथ म्हणाला. "रडून राह्यली. दम धरा."

कांताबाईंनी दम धरला नाही. त्यांनी ड्रॉवरमधला खोडरबर घेतला, पट्टीची पिवळी कड दोन्ही बाजूंनी शांतपणे घासली, फुंकर मारली आणि पट्टी खाच्यात ठेवून अंगठ्यानं अशी दाबली की खटका वाजला. पुन्हा बटण. या वेळी रडारड नाही. पडद्यावर आकडे पळायला लागले. रोज पासष्ट हजारांवर थांबणारे आकडे अठ्ठ्याण्णव हजारांवर जाऊन थांबले. बाईंनी 'शेळीपालन' टाकलं आणि बोट उचलायच्या आत सात पुस्तकं आली. कपाट, कप्पा, क्रमांकासकट.

कांताबाई खुर्चीत मागं टेकल्या. नऊ वर्षांत त्यांना टेकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आता हे असंच राहू द्या. कुणी हात लावू नका."

मी इथं ऐकलं असतं तर आज गावात मला मान असता. पण माझ्या डोळ्यांपुढं झाडू उभा राहिला. मी बद्रीनाथकडून पट्टी पुन्हा काढून घेतली आणि कारभारीच्या हातात दिली. कारभारी शिपाई व्हायच्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणसाचा जुना हुन्नर फार जपून वापरावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. वर मी त्याला बजावलं, "नंबर असा टाक, की साहेबांना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी वाचनालयात गेलो तर कारभारीनं पूजा मांडली होती. नवा संगणक, जुना संगणक, वाचनालयाची घंटा, कात्री, शिक्के, खळीचं भांडं, बद्रीनाथचे पाने आणि पेचकस. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि मधोमध विड्याच्या पानावर आमची पट्टी.

"हे काय आहे, कारभारी?"

"नंबर. पाहा की. बराबर दोनशे बारा-अ. चष्म्याबिगर दिसून राह्यला का न्हाई?"

दिसत होता. दारातून दिसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही दिसला असता.

"वर काळ्या ठोकळ्यांवर अक्षर बसंना," कारभारी समजावून सांगू लागला. "अन् खालची पिवळी कड बिलकुल मोकळी पडल्ती. मंग तिच्यावर दोन हात पांढरं अस्तर मारलं, अन् वरून लाल."

"दोन्ही बाजूंनी?"

"एकीकडूनच टाकला अन् साहेबानं उलटी करून पाह्यली, तर?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका दूरदृष्टीचा शिपाई मिळाला नव्हता. ज्या कडेतून यंत्राला पट्टीशी बोलायचं असतं, तीच कड त्यानं भिंतीसारखी रंगवून काढली होती.

कांताबाई आल्या. त्यांनी पट्टीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग जाऊन हातानं लिहायची जुनी वही उघडली आणि कालची पुस्तकं तिच्यात चढवायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "अकरा महिने, मास्तर."

माणूस ओरडला की बरं वाटतं, आपणही ओरडू शकतो. मी घाईघाईनं पट्टी उचलायला गेलो, तर कारभारीनं आणि बद्रीनाथनं दोन्हीकडून माझे हात धरले.

"पूजेत बसलेली वस्तू आज उठवायची न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "माझे पाने बी तिथंच बसलेत. मोंढ्यातली मोटर जळाली म्हून सकाळी माणूस आल्ता, त्याला बी परत धाडलं. उद्या काय करायचं ते करा."

दिवसभर पट्टी झेंडूखाली बसून राहिली. रंग मात्र खडखडीत वाळला. कारभारीनं चांगल्यातला वापरला होता.

दसरा उजाडला आणि सल्ले सुरू झाले. बद्रीनाथ म्हणाला, ब्लेडनं खरवडा. कांताबाई म्हणाल्या, ब्लेड लावाल तर मी राजीनामा देईन. कडेवरचा थर कागदापेक्षा पातळ असतो, इंजिनिअरनं सांगितलंय. अण्णासाहेब म्हणाले, ठरावानं टाकलेला क्रमांक ठरावाशिवाय पुसता येत नाही, पण मी आज सीमोल्लंघनाला जाणार असल्यामुळं मला काही दिसणार नाही. टर्पेंटाइन आणायला गेलो तर रंगाचं दुकान बंद. मालक सासुरवाडीला, जाफराबादला गेलेला. शेवटी पट्टी घरी आणून, स्टोव्हमधलं रॉकेल घेऊन मी स्वतः बसलो. एक तास घासलं. रंग निघाला नाही, पण सुटला. आणि सुटला तो सगळीकडं पसरला. क्रमांक गेला आणि लाली राहिली. पट्टी आता खरोखरच पूजेतून उठून आल्यासारखी दिसत होती. माझे दोन्ही हातही.

आमच्या उषाबाई, म्हणजे माझी बायको, पुरणाच्या धावपळीत तीन वेळा मला ओलांडून गेल्या होत्या. चौथ्या वेळी थांबल्या.

"त्या कडेला काय आहे म्हणालात?"

"सोन्याचं पाणी असतं म्हणे. अगदी पातळ."

"मग सोनाराकडं न्या की. रंगाऱ्याचं रॉकेल कशाला?"

चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी मला अशी वाक्यं अनेक वेळा ऐकवली आहेत आणि प्रत्येक वेळी मी ते आपल्याला आधीच सुचलं होतं असं दाखवलं आहे. "तेच करणार होतो," म्हणालो, पट्टी टपालाच्या पाकिटात घातली आणि निघालो.

दसऱ्याच्या दिवशी सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. वाटेत भेटेल तो आपट्याची पानं हातात देत होता आणि माझ्या लाल हातांकडं पाहून "काय मास्तर, काय झालं?" विचारत होता. संपत सोनाराच्या पेढीवर गादी गच्च भरलेली. सुनेला घेऊन आलेल्या झुंबरबाई नावाच्या एक आजी सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. मी त्यांच्यामागून हात लांबवून पाकीट संपतपुढं ठेवलं. तेव्हा पेढीवरच्या सगळ्या माना एकदम त्या पाकिटाकडं वळल्या. दसऱ्याला लोक सोनं घ्यायला येतात. पाकिटातून आणून हळूच पुढं सरकवायला कुणी येत नाही.

संपतनं पट्टी बाहेर काढली. सवयीनं आधी काट्यावर टाकली.

"कंच्या घाटाचं हाय वो हे?" झुंबरबाईंनी विचारलं. "वज्रटीक दिसून राह्यली. पर काळे मणी लई मोठे घातले."

"आजी, ही मेमरी आहे," मी म्हणालो.

"अस्सं. नवीन निघाली का?" आणि सुनेकडं वळून, "तुला पायजे का गं?"

संपतनं डोळ्याला भिंग लावून कडेनं कड पाहिली आणि आवाज खाली आणला. "मास्तर, तुम्ही आपले म्हून सांगतो. यात सोनं रत्तीभर बी न्हाई. नुसतं पाणी हाय. कोणी दिली तुम्हाला ही?"

"ठरावानं मिळाली. संपतराव, मला मोडायची नाही. साफ करून पाहिजे."

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात," संपत कनवाळूपणानं म्हणाला.

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. झाडू, पाऊण नग, कारभारी, खंडेनवमी. पेढीवरच्या बायका दागिने ठेवून ऐकायला लागल्या. कांताबाईंच्या अकरा महिन्यांपाशी आलो तेव्हा झुंबरबाई म्हणाल्या, "आधी त्या बाईचं काम करा, माझ्या बोरमाळेला कुठं पळायचंय."

मग संपतनं काय केलं ते मी मान लांब करून पाहत होतो. दागिन्याला लागलेली लाख काढायला ते लोक स्पिरिट वापरतात. त्यात कुंचला बुडवून त्यानं पट्टीची कड ओढ्यातल्या म्हशीच्या पाठीसारखी मायेनं चोळली. लाल गेलं, पांढरं गेलं. मग रिठ्याचं पाणी अगदी कडेपुरतं, मग लाकडाच्या भुशात घोळवणं. आणि शेवटी, सवयीनंच, गुलाबी कागदात पुडी, पुडीवर आपट्याचं पान.

"सोनं घ्या, मास्तर," तो म्हणाला. मी घेतलं. पिवळी कड अशी लखलखत होती की झुंबरबाईंची सून पुन्हा पाहायला लागली.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. उषाबाई दारातच उभ्या होत्या.

"शेजारच्या द्वारकाबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, मास्तरांनी सणाच्या दिवशी पाटल्या मोडल्या म्हणे. मी म्हटलं, पाटल्या माझ्या हातात आहेत."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, अगंबाई, मग कुणाच्या मोडल्या?"

पहिल्या अफवेपेक्षा दुसरी जास्त जोरात पळाली. संध्याकाळी सोनं वाटायला आलेली माणसं माझ्याकडं वेगळ्याच आदरानं पाहत होती. एकसष्टाव्या वर्षी चारित्र्याविषयी संशय येणं वाईटच. पण त्यात थोडं कौतुकही असतं, हे मी नाकारत नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे हजर. कांताबाईंनी नवी साडी नेसली होती. पुडी उघडून पट्टी बसवणार, तेवढ्यात अण्णासाहेब आत आले.

"क्रमांक?"

"निघाला, अण्णासाहेब. रंगाबरोबर."

"म्हणजे दोनशे बारा-अ अस्तित्वात नाही. नोंदवहीत आहे आणि जगात नाही. साहेब विचारतील."

कारभारीनं ब्रश कुठं आहे हे सांगायला तोंड उघडलं, आणि आम्ही चौघांनी एकदम त्याच्याकडं पाहिलं. तो बाहेर जाऊन झाडू मारायला लागला.

तोड कांताबाईंनीच काढली. पुस्तकं शिवायचा पक्का दोरा घेतला, पुठ्ठ्याच्या एका कार्डावर सुवाच्य अक्षरात '२१२-अ' लिहिलं आणि दोऱ्याचं दुसरं टोक पट्टीच्या बाजूच्या खाचेला बांधलं. पट्टी आत, दोरा मागच्या फटीतून बाहेर, कार्ड टेबलाच्या कडेला लोंबकळत. मोंढ्यात पोत्यावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते, तसं.

बद्रीनाथनं वाकून पाहिलं. "एकीकडचा खटका गाठीवर अडकून राह्यला. पुरा बसला न्हाई. पर चालतंय ना?"

बटण दाबलं. अठ्ठ्याण्णव हजार.

"चालतंय," आम्ही सगळे म्हणालो. हा देश ह्या एका शब्दावर उभा आहे आणि त्याचा एकीकडचा खटका बसलेला नाही.

अकराला साहेब आले. किरकोळ बांध्याचे, शांत, प्रत्येक वस्तूला बोट लावून पाहणारे. खुर्च्या पाहिल्या, घंटा पाहिली, माठ पाहिला. झाडू उचलून दांड्यावरचा क्रमांक वाचला आणि माझ्याकडं पाहून मान हलवली. इतक्या वर्षांत झाडूमुळं मिळालेली ती पहिलीच शाबासकी.

मग संगणक. कांताबाई बसल्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. दोन बोटं तेवढी मोकळी.

"विहिरींविषयी काही आहे?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी टाइप केलं. तीन पुस्तकं. पडद्यावर दिसलेल्या कप्प्यातून कारभारीनं पहिलं काढून आणलंसुद्धा.

"वा," साहेब म्हणाले. एवढंच, पण कांताबाईंच्या मुठीतून पदर सुटला. साहेबांनी नोंदवहीचं पान उलटलं. "दोनशे बारा-अ. मेमरी पट्टी. नग दाखवा."

"नग आत आहे साहेब," मी म्हणालो. "क्रमांक बाहेर आहे."

साहेबांनी यंत्रामागं वाकून कार्ड हातात घेतलं. दोरा तोकडा होता. कार्ड फिरत होतं. ते स्थिर राहावं म्हणून त्यांनी दोऱ्याचे दोन वेढे डाव्या हाताच्या बोटाला घेतले, उजव्या हातानं चष्मा लावला, आणि चष्म्यातून वाचायला कार्ड जवळ ओढलं.

आत कुठंतरी टक् झालं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि विहिरींची उरलेली दोन पुस्तकं त्या रेघांत बुडाली. कांताबाईंनी एक कळ दाबली. दुसरी दाबली. मग हात मांडीवर ठेवले.

मला वाटलं, संपलं. अकरा महिने, नऊ वर्षं आणि माझ्या पाटल्या. अशा वेळी अण्णासाहेबांचा आवाज आला, कोर्टात शेवटच्या साक्षीदाराला विचारावा तसा, मऊ.

"साहेब, हात आहे तसाच ठेवा. बिलकुल हलवू नका."

"का?"

"का असं नाही. नग क्रमांक दोनशे बारा-अ, दोरा आपल्या हातात असताना बंद पडला, एवढंच. आम्ही पाच माणसं हजर आहोत. पण आम्ही तसं कुठं म्हणणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. पाहणी करताना पाहणी अधिकाऱ्याच्याच हातून जडवस्तूचं नुकसान झालं, तर त्याचा खुलासा किती प्रतींत आणि किती वर्षं चालतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. झाडूचा त्यांनीच चालवला होता.

"मी संगणक चालू स्थितीत पाहिला," ते सावकाश म्हणाले.

"पाहिलाच आपण," अण्णासाहेब म्हणाले. "विहिरींची तीन पुस्तकं."

"तीन. हो. तीनच होती." त्यांनी उजव्या हातानं पेन काढलं. डावा जिथल्या तिथं. कागद सरकू नये म्हणून कांताबाईंनी तो दोन बोटांनी धरला आणि उलट्या बाजूनं, अक्षर उमटेल तसतसं वाचत गेल्या. 'ग्रंथयादीचे संगणकीकरण पूर्ण व समाधानकारक. ग्रंथपालांचे काम विशेष उल्लेखनीय. ब वर्गासाठी शिफारस.' सही. तारीख. शिक्का त्यांनी पिशवीतून काढून एका हातानंच मारला.

कांताबाईंनी कागदावरची बोटं उचलली. "मास्तर," त्या म्हणाल्या, "सोमवारी आणि मंगळवारी मी येत नाही. कुंभार पिंपळगावला बहिणीकडं जाते."

"बुधवारी पण जा," मी म्हणालो. बद्रीनाथनं न मागताच मला पाणी दिलं.

मग सगळं रीतसर झालं. कारभारीनं नारळ दिला, तो साहेबांनी उजव्या हातानं घेतला. शाल एकाच खांद्यावर बसली. चहा झाला. साहेबांनी बसल्या जागेवरून, किंचित मागं कलून, छोटंसं भाषणही केलं. ग्रामीण भाग आता मागं राहिलेला नाही, नवं युग दारात येऊन उभं आहे, त्याचं स्वागत करण्याचं धैर्य अंबडकरांनी दाखवलं, वगैरे. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी आभार मानले. सगळे उभे राहिले. साहेब तेवढे बसून होते.

त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी येऊन, फार हळू आवाजात म्हणाले,

"मास्तर, एवढा बोटाचा दोरा सोडवता का? गाठ बसलीय."